तांदूर, चाऊर, परेक

कोकणातून बदली होऊन गोंदियाला आलेला माणूस पहिली चूक करतो ती एका शब्दाची. पावसाळ्यात हिरव्यागार बांध्यांकडे, म्हणजे शेतातल्या खाचरांकडे, बघून तो सहज म्हणतो, ‘यंदा भात छान आलाय.’ ऐकणारा शेतकरी क्षणभर थांबतो. त्याच्या बोलीत भात शेतात येत नाही, चुलीवर येतो. शेतात उभे असते ते धान. कापले, झोडले, पोत्यात भरले तरी ते धानच राहते. टरफल निघाले की त्याचा तांदूळ होतो आणि तो शिजला की मग भात. रायगड-रत्नागिरीत रोपालाही भात आणि ताटातल्या अन्नालाही भात म्हणून भागते. वैनगंगेच्या खोऱ्यात ते भागत नाही.

जावा बेटावरची जावानी भाषा शिकणाऱ्यालाही रोजच्या जेवणाचे शब्द गिरवताना हीच पायरी चढावी लागते. तिथे शेतातले पीक ‘परी’, टरफलासह दाणा ‘गबह’, टरफल काढलेला ‘बेरस’ आणि शिजलेला ‘सेगो’. तुटक्या कणीला ‘मनिर’ असे वेगळे नाव आहे. त्यावर आणखी एक मजला आहे. वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘सेगो’चा ‘सेकुल’ होतो. जेवणे या क्रियेला बरोबरीच्या माणसापाशी ‘मंगन’, सभ्य बोलीत स्वतःपुरते ‘नेडो’ आणि मान्यवर जेवत असतील तर ‘डहर’. जावामध्ये शब्द माणसाच्या मानाप्रमाणे बदलतो. गोंदियात तो उंबरठ्याप्रमाणे बदलतो. एकच तांदूळ शाळेत तांदूळ असतो, झाडीबोली बोलणाऱ्या घरात तांदूर, बाजारात चावल, पोवारी आणि छत्तीसगढी घरात चाऊर आणि गोंडी घरात परेक. जिल्ह्याचा इतिहास या पाच शब्दांत थरांसारखा बसला आहे.

गोंदिया जिल्हा वयाने लहान आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके. उत्तरेला मध्य प्रदेशातले बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत या सीमा नव्हत्याच. हा सगळा टापू नागपूर राजधानी असलेल्या एका प्रांताचा भाग होता आणि त्या प्रांतात मराठी व हिंदी दोन्ही चालत. नकाशावर रेघ नंतर आली. स्वयंपाकघरांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

सगळ्यात खालचा थर गोंडीचा. ही द्राविडी कुळातली भाषा आहे. जॉर्ज ग्रिअर्सन याच्या भाषिक सर्वेक्षणात ती १९०६ च्या चौथ्या खंडात, तामिळ, कानडी आणि तेलुगूच्या पंक्तीत नोंदलेली आहे. गोंडीत धानाला ‘वंजी’, सडलेल्या तांदळाला ‘परेक’, शिजवलेल्या भाताला ‘गाटो’ आणि पातळ पेजेला ‘जावा’ म्हणतात. गावागणिक उच्चार थोडा हलतो, पण साखळी तीच राहते. पीक, दाणा, अन्न या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र नाव आहे. पाणी ‘येर’, मासा ‘मीन’. मद्रासच्या किनाऱ्यावर ऐकू येणारा मीन सालेकशाच्या जंगलातही मीनच असतो, कारण दोन्हीकडे तो एकाच घरातून आला. मोहफुलाला ‘इरुप’ म्हणतात. चैत्रात पहाटे झाडाखाली वेचून, उन्हात वाळवून ठेवलेले हे फूल टंचाईच्या दिवसांत पोटाचा आधार होते.

ज्या पेजेला गोंडीत जावा म्हणतात, त्याच उच्चाराचे नाव त्या दूरच्या बेटालाही आहे. रामायणाच्या किष्किंधाकांडात यवद्वीपाचा उल्लेख येतो आणि यव म्हणजे जव हे धान्य त्या नावाच्या मुळाशी असल्याचे परंपरेने सांगितले जाते. संस्कृतात पेजेला यवागू म्हणत. गोंडीच्या अशा शब्दांची गाठभेट व्हायची जागाही जिल्ह्यातच आहे: माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाच्या गुहांकडे अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणाकडची गोंडी त्या दिवसांत एका डोंगराच्या पायथ्याशी भेटते. मुक्कामाच्या चुलीवर कोण कशाला काय म्हणते, याचा पडताळा तिथेच होतो.

दुसरा थर पाण्याचा आहे. पाऊस भरपूर, पण चार महिन्यांचा. उतार मंद आणि खाली खडक. अशा जमिनीत धान घ्यायचे तर पाणी अडवावेच लागते. कोहळी समाजाने ते काम हाती घेतले आणि ओढ्यानाल्यांवर मातीच्या पाळी घालून तलावांची माळ ओवली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगाव बांध हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. त्याच्याभोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. कोहळ्यांनी तलावाखाली ऊस लावला, गूळ केला आणि धानाला हमी दिली. पोवार माळव्यातून निघून नगरधनमार्गे वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले, असे त्यांची परंपरा सांगते. तेही धानशेतीत तरबेज झाले. रॉबर्ट रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले, त्यात या दोन्ही समाजांच्या शेतीकौशल्याचे वर्णन आहे.

पोवारांबरोबर त्यांची बोली आली. ग्रिअर्सनने पोवारीला मराठीत न घालता पूर्वी हिंदीच्या खंडात, बघेलीच्या आसपास जागा दिली. शतकानुशतके मराठी शेजाऱ्यांत राहून पोवारीने मराठीतले पुष्कळ घेतले. तरी घरात तांदूळ चाऊरच राहिला, छत्तीसगडच्या मैदानात आहे तसाच. त्यामुळे आमगावच्या एखाद्या मुलीला आजी चाऊर निवडायला सांगते, शाळेतली बाई तांदूळ लिहायला सांगते आणि गोंदियाच्या दुकानात वडील चावलचा भाव विचारतात. तिला तिन्ही शब्द एकदमच येतात. कोणता कुठे वापरायचा हे तिला कोणी शिकवलेले नसते. जावानी मुलालाही सेगो आणि सेकुल असेच कळतात.

तलावांच्या नावातही एक इतिहास आहे. इंग्रजी अमलात गावाचा सारा गोळा करणारे मालगुजार या तलावांचे मालक होते. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी तलाव’ ठरले. एवढे लांब नाव रोज कोण लिहिणार? दोन शब्दांची आद्याक्षरे घेतली आणि ‘मामा तलाव’ हा शब्द जन्मला. आता तो जिल्हा परिषदेच्या कागदांवरही आहे आणि गुराख्याच्या तोंडीही. छोट्या खाजगी तळ्याला मात्र जुनाच शब्द आहे, ‘बोडी’. तलावात ढिवर समाज मासे आणि झिंगे धरतो, शिंगाडा लावतो. कमळाचा कंद ‘ढेस’ म्हणून भाजीला येतो. अर्जुनी मोरगाव भागात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ढिवरांच्या सोबतीने तलावातल्या देशी वनस्पती आणि मासे परत आणण्याचे काम करते. त्या कामात ढिवरांकडची माशांची आणि पाणवनस्पतींची नावे हाच पहिला नकाशा ठरला, कारण कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची हे ज्ञान त्या नावांसोबतच जपलेले आहे.

झाडीबोलीचा थर गोंडी आणि पोवारी या दोन्हींच्या मधला. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा जंगलव्याप्त प्रदेश म्हणजे झाडीपट्टी, आणि तिची मराठी ती झाडीबोली. या बोलीत ण आणि ळ नाहीत. नागपूर-वऱ्हाडकडे डोळ्याचा ‘डोया’ होतो, इथे त्याचा ‘डोरा’ होतो. त्याच नियमाने तांदूळ तांदूर होतो आणि डाळ डार. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास केला, शब्दकोश सिद्ध केला आणि झाडीबोलीची साहित्य संमेलने उभी केली. त्याआधी असे उच्चार शाळेत लाल शाईने दुरुस्त होत. कोशात आल्यावर ‘तांदूर’ ही शुद्धलेखनाची चूक राहिली नाही. तो एका नियमाने घडलेला शब्द ठरला.

शब्दांची खरी गर्दी मात्र शेतात आहे. मृगाच्या आसपास धान पेरून जी रोपे तयार होतात ती ‘पऱ्हे’. ती उपटून चिखल केलेल्या बांधीत लावायची ती ‘रोवणी’. मजूर मिळाले नाहीत किंवा पाऊस लांबला तर थेट बी फेकून पेरायचे, त्याला ‘आवत्या’. बांधीच्या कडेचा मातीचा बांध तो ‘धुरा’, आणि धुऱ्यावर तुरीची ओळ. दिवसांच्या हिशेबाने पिकाच्या तीन जाती: लवकर निघणारे ‘हलके’, नंतरचे ‘मध्यम’ आणि शेवटचे ‘भारी’. इथे भारी म्हणजे उत्तम नव्हे, उशिरा येणारे.

दिवाळीच्या सुमारास हलके धान कापले जाते. कापलेल्या मुठी वाळण्यासाठी बांधीतच पसरून ठेवतात, त्या ‘कडपा’. वाळलेल्या कडपांचे भारे बांधून खळ्याजवळ रचतात, ते ‘पुंजणे’. दाणा झडल्यावर उरणारा पेंढा ‘तणस’, तो वर्षभर गुरांच्या तोंडी. गिरण्या येण्याआधी घरोघरी उखळ-मुसळ होते. बायका पहाटे धान कांडत, सुपाने पाखडत. कोंडा गुरांना, कणकी वेगळी. कणकीची पेज लहान मुलांना आणि आजाऱ्यांना. प्रत्येक शब्दामागे कोणाचा तरी हात आहे, आणि बहुतेक वेळा तो बाईचा आहे. रोवणी, निंदण, कापणी आणि कांडण ही चारही कामे तिच्याच वाट्याची.

धान कापण्याआधीच त्याच ओल्या बांधीत ‘लाखोळी’ फेकतात. नांगरणी नाही, वेगळे पाणी नाही; उरलेल्या ओलीवर ही डाळ वाढते. कोवळ्या पानांची भाजी, डाळीचे वरण, वडे. उत्तरेत हिला खेसारी आणि छत्तीसगडात तिवडा म्हणतात. दुष्काळात दुसरे काही नसले की हीच पोटभर खाल्ली जाई, आणि महिनोन्‌महिने केवळ तीच खाणाऱ्यांचे पाय लुळे पडत. मध्य भारतातल्या अशा गावांची नोंद विल्यम स्लीमन याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात केली आहे. १९६० च्या दशकात तिच्यातला मज्जातंतूंना बाधणारा घटक शास्त्रज्ञांनी ओळखला. त्याआधीच, १९६१ मध्ये, केंद्राच्या अन्नभेसळ नियमांतून विक्रीबंदीची वाट निघाली होती आणि महाराष्ट्रातही बंदी लागू झाली. बाजारातून नाव पुसले गेले तरी बांधीतून लाखोळी गेली नाही. कमी विषाच्या सुधारित जाती आल्यावर तिला पुन्हा मान्यता देण्याची चर्चा देशपातळीवर झाली. झाडीपट्टीत मात्र भाजी खुडणाऱ्या बायकांनी हा शब्द एक दिवसही टाकला नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे आली आणि शब्दांच्या या शेतात गिरणीची भाषा शिरली. १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावपर्यंत छोट्या गेजची लाइन पडली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेऊन मोठी केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूर-जबलपूरकडे नॅरोगेज फुटली आणि गोंदिया जंक्शन झाले. डिंक, तेंदूपान, बिडी आणि तांदूळ हे इथून बाहेर जाणारे माल. हिंदी, गुजराती, मारवाडी आणि १९४७ नंतर सिंधी बोलणारे व्यापारी शहरात स्थिरावले. त्यामुळे शेतात झाडीबोली-पोवारी आणि पेढीवर हिंदी अशी वाटणी झाली, ती आजही टिकून आहे.

राइस मिलची भाषा वेगळीच. धान तसेच भरडून काढलेला तो ‘अरवा’ तांदूळ. भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला तो ‘उष्णा’. उष्ण्याचा दाणा कमी तुटतो आणि वाफेमुळे कोंड्यातली काही जीवनसत्त्वे आत मुरतात. सरकार शेतकऱ्याकडून हमीभावाने धान घेते आणि गिरणीमालकाला देते, ती ‘भरडाई’. एक क्विंटल धानामागे अरव्याचा ६७ किलो आणि उष्ण्याचा ६८ किलो तांदूळ परत द्यायचा असा हिशेब. उखळीच्या काळात जी कणकी घरात पेजेला राहत होती, ती आता गिरणीतून पोत्यांनी विकली जाते.

बियाण्यांच्या नावांत तर दूरदूरच्या जागा येऊन बसल्या आहेत. चिन्नोर हा या खोऱ्यातला सुवासिक तांदूळ. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये आणि भंडाऱ्याच्या चिनोरला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे राज्यसीमेने एका वासाचे दोन दाखले केले. एचएमटी हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्याचे. नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे (१९३९-२०१८) यांनी १९८३ च्या सुमारास ‘पटेल-३’ धानात काही वेगळे रोप हेरले, त्याचे बी जपले, वाढवले. बारीक दाण्याच्या त्या वाणाला तेव्हा गावोगाव मिरवणाऱ्या मनगटी घड्याळाचे नाव पडले. गोंदियाच्या घरात पाहुणा आला की आजही एचएमटी रांधला जातो.

आणि मग आहे ‘१०१०’. सरकारी खरेदी केंद्रांवर सर्वांत ओळखीचा आकडा. हे वाण आंध्रच्या मारुटेरू संशोधन केंद्राचे आणि त्याच्या पालकांपैकी एक आयआर-६४. आयआर-६४ च्या पूर्वजांत आयआर-८ येतो, फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये प्रसृत केलेला. आयआर-८ ची आई ‘पेटा’ हे उंच वाण, जावा बेटावरच्या बोगोर इथे संकरातून तयार झालेले. पेटाचा एक पालक होता ‘लाटीसाइल’, बंगालकडचा धान. बंगालातून जावाला गेलेला दाणा फिलिपिन्स आणि आंध्र करत तिरोड्याच्या बांधीत आला. जावानी शेतकरी ज्याला गबह म्हणतो आणि गोंदियाचा शेतकरी धान म्हणतो, त्यात असे रक्ताचे नाते आहे.

माणसेही अशीच दूरवरून आली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना अर्जुनी मोरगाव तालुक्यात जमिनी मिळाल्या. अरुणनगर, गौरनगर ही त्यांची गावे. त्यांना भाषा नवी होती, पण धान आणि भात हे दोन शब्द त्यांच्या घरातलेच निघाले, तेच आणि त्याच अर्थाचे. फक्त मधला तांदूळ त्यांच्याकडे ‘चाल’ होता आणि मुरमुरे ‘मुडी’. रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खाणे, त्यांचा ‘पांता भात’, इथल्या छत्तीसगढी घरातला ‘बासी’ निघाला.

त्याच तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत उभी राहिली. ही माणसे जवाच्या भाजलेल्या पिठाची, त्सांपाची. त्यांच्या भाषेतही जावानीसारखे दोन मजले आहेत: साधे जेवण ‘खालाक’, आदराने म्हटले तर ‘शेलाक’. थंड पठारावरून आलेल्या या कुटुंबांना चिखलातली रोवणी शिकावी लागली, आणि तिच्याबरोबर पऱ्हे, बांधी, धुरा हे शब्दही. बदल्यात नवेगाव बांधच्या परिसराला थुक्पा आणि मोमो कळले.

आता शेतात हार्वेस्टर येतो. तो कापतो, झोडतो आणि दाणा थेट ट्रॉलीत टाकतो. कडपा पसरायचे कारण उरत नाही, पुंजणे रचायला वेळ नको. जो मुलगा ही कामे पाहत नाही त्याला हे शब्द पुस्तकातून शिकावे लागतील, आणि पाठ्यपुस्तकात ते नाहीत. बोरकरांच्या कोशासारखे काम पोवारी, गोंडी आणि ढिवरांच्या शब्दांसाठीही व्हायला हवे, तेही आजींच्या शेजारी बसून, हातात धानाची लोंबी घेऊन. वंजी, परेक, गाटो ही साखळी फळ्यावर समजत नाही. ती उखळीपाशी समजते.

तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला की गोंदियाच्या पानावर बातमी येते: धानाच्या कडपा पाण्यात, पुंजण्यांना कोंब. बातमीदार या शब्दांचा अर्थ कंसात देत नाही. देवरीपासून तिरोड्यापर्यंत ती वाचणाऱ्याला तो विचारावा लागत नाही; तो पेपर खाली ठेवतो आणि ताडपत्री घेऊन बांधीकडे निघतो.